आपत्ती-समाजकार्य

आपत्ती-समाजकार्य : पूर, भूकंप, दरड कोसळणे यांसारख्या नैसर्गिक आपत्तींत किंवा पूल वाहून जाणे, इमारत पडणे, वाहन दरीत जाणे अशा दुर्घटनांत सापडलेल्या व्यक्ती, कुटुंबे व समुदाय यांना पुन्हा उभे राहता यावे, म्हणून प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी शास्त्रीय पद्धतीने केलेले साहाय्य. समाजकार्य या व्यवसायाची ही एक शाखा असून तिचा विकास मुख्यत्वे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला. जीव वाचविणे व मृतदेह बाहेर काढणे हे शोध व बचाव कार्य. अन्न, वस्त्र व निवारा पुरविणे हे मदतकार्य. आपत्ती-समाजकार्याचा या दोहोंशी संबंध येतो. तथापि त्याचे खरे क्षेत्र त्यांच्यानंतर सुरू होते आणि ते काही दिवसांचे नसून काही वर्षांचे असते. भारतात पहिली दोन कामे आता बऱ्याच अंशी संघटित झाली आहेत; तिसरे मात्र निश्चितपणे कोणाच्याच वाट्याला आलेले नाही. ही स्थिती ज्या प्रदेशात विशेष स्पष्टपणे दिसते, तो म्हणजे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महाड व पोलादपूर हे दोन तालुके. प्रस्तुत नोंदीत या प्रदेशाच्या, विशेषतः आंबेनळी घाटातील दुर्घटनेच्या, आधारे विषयाचे विवेचन केले आहे.

प्रदेश व आपत्ती : पोलादपूरहून महाबळेश्वरास जाणारा सु. ४० किमी. लांबीचा रस्ता आंबेनळी घाटाने सह्याद्री चढतो व प्रतापगडाच्या परिसरातून वर जातो. सावित्री नदी महाबळेश्वर येथे उगम पावून याच बाजूने खाली उतरते आणि पोलादपूर व महाड ओलांडून बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. त्यामुळे घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांतच महाडच्या बाजारपेठेत पुराच्या रूपाने पोहोचतो. २०२१ च्या जुलै महिन्यात महाबळेश्वर येथे चोवीस तासांत सु. ५९४ मिमी. पाऊस नोंदला गेला. डोंगरउतारांवर झिजलेल्या खडकाचा व मातीचा जाड थर असून वस्ती याच उतारांवर लहानलहान वाड्यांच्या रूपाने विखुरलेली आहे. वाडी बहुधा एका आडनावाची वा एका जातीची असते. घरटी एक-दोन पुरुष मुंबईत नोकरीला असतात आणि मुंबईतील ग्रामस्थ मंडळ हे गावाचे दुसरे सत्ताकेंद्र असते. शेती थोडी, पावसाळी. घरखर्च चालतो तो चाकरमान्यांनी पाठविलेल्या पैशावर. येथील आपत्तीचे सामाजिक परिणाम समजून घेताना ही घडण सतत लक्षात ठेवावी लागते.

२५ व २६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यातील जुई, दासगाव, रोहन व कोंडिवते या गावांवर दरडी कोसळून दीडशेहून अधिक माणसे दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल पुरात वाहून गेला आणि राज्य परिवहनाच्या दोन गाड्या व इतर वाहने नदीत पडली. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाड शहरातील पाच मजली निवासी इमारत कोसळून सोळा जणांचा मृत्यू झाला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथील कोंढाळकरवाडी दरडीखाली गेली व ऐंशीहून अधिक व्यक्तींना प्राण गमवावे लागले. त्याच सुमारास पोलादपूर तालुक्यातील केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथेही दरडी कोसळून बळी गेले आणि आंबेनळी घाटातील रस्ता अनेक ठिकाणी तुटून वाहतूक बंद पडली. सोळा वर्षांत एवढ्या आपत्ती दोन लहान तालुक्यांवर याव्यात, हे महाराष्ट्रातही असाधारण म्हणावे लागेल.

आंबेनळी दुर्घटना : २८ जुलै २०१८ रोजी दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांना महाबळेश्वरच्या सहलीस घेऊन जाणारी विद्यापीठाची बस आंबेनळी घाटात खोल दरीत कोसळली. बसमधील तीस जणांचा मृत्यू झाला. एक जण बचावला व त्यानेच दरी चढून वर येऊन घटनेची खबर दिली. पाऊस, धुके व निसरडा कडा अशा स्थितीत महाबळेश्वर व परिसरातील गिर्यारोहक, पोलादपूरचे ग्रामस्थ आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान यांनी दोरखंडांच्या साहाय्याने मृतदेह वर आणले. हे काम दुसऱ्या दिवशीही चालू होते. दरीत उतरणारी ही तरुण मंडळी घाटातील अपघातांच्या वेळी वर्षानुवर्षे स्वखुशीने हे काम करीत आली आहेत आणि त्यांचे कौशल्य व्यावसायिक दर्जाचे आहे, यात शंका नाही.

या दुर्घटनेचे वैशिष्ट्य असे, की मृत सर्व एकाच संस्थेतील होते. पूर वा दरड यांत एक वस्ती उद्ध्वस्त होते. येथे घरे, शेते, रस्ते सर्व जागच्या जागी राहिले आणि एकाच कार्यालयातील तीस कुटुंबांचा कमावता माणूस मात्र एका सकाळी गेला. अशा प्रसंगी शेजारी, सहकारी व नातेवाईक हे आधाराचे नेहमीचे वर्तुळ स्वतःच शोकग्रस्त असते. सांत्वनास कोणी कोणाकडे जावे, असा प्रश्न पडतो. रस्त्यावरील अपघात हा नैसर्गिक आपत्तींच्या यादीत मोडत नसल्याने आपत्ती प्रतिसाद निधीचे ठरावीक नियम त्यास आपोआप लागू होत नाहीत. दरडीत घर व माणूस गमावलेल्या कुटुंबाकडे पंचनाम्यासाठी तलाठी स्वतः येतो. अपघातग्रस्त कुटुंबाला कार्यालये स्वतः शोधावी लागतात.

ती कार्यालये किती, याची कल्पना सर्वसामान्य वाचकास सहसा नसते. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायत वा नगरपालिका देते, शवविच्छेदनाचा अहवाल रुग्णालयाकडून व अपघाताचा पंचनामा पोलिसांकडून मिळवावा लागतो. नुकसानभरपाईचा दावा मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे लावावा लागतो. या अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीने त्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आणली. भविष्यनिर्वाह निधी, उपदान, विमा व कुटुंबनिवृत्तिवेतन यांचे अर्ज निरनिराळे असतात. बँकेतील ठेवीसाठी नामनिर्देशन नसल्यास वारस दाखल्याकरिता दिवाणी न्यायालयात जावे लागते. अनुकंपा तत्त्वावरील नोकरी कुटुंबातील एकाच व्यक्तीला मिळू शकते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृताची विधवा, मुले व आई हे पहिल्या वर्गातील वारस होत. वडील मात्र त्या वर्गात येत नाहीत. कुटुंबनिवृत्तिवेतन सर्वसाधारणतः विधवेला मिळते. म्हणजे कायद्याने एका घरातील माणसांचे हितसंबंध अगदी शोकाच्या दिवसांतच वेगळे केलेले असतात. मुलाच्या मिळकतीवर अवलंबून असलेले वृद्ध सासरे आणि तिशीतील सून यांच्यात पहिल्या वर्षश्राद्धाच्या आतच बोलणे बंद झाल्याचे अनुभव या क्षेत्रातील कार्यकर्त्यांना नवीन नाहीत. या भांडणाचे मूळ लोभात शोधण्याची समाजाची सवय आहे. वस्तुतः ते बहुधा भीतीत असते. सून पुढे माहेरी जाईल वा पुनर्विवाह करील ही एका बाजूची भीती, तर आपल्याला मुलांसह घराबाहेर काढतील ही दुसऱ्या बाजूची. दोन्ही बाजूंचे ऐकून घेणारा, कायदा जाणणारा आणि कोणत्याही बाजूचा नातेवाईक नसणारा असा तिसरा माणूस वेळीच मिळाला, तर यांतील बरेचसे तंटे न्यायालयाच्या पायरीपर्यंत जात नाहीत. व्यक्तिसाहाय्य या समाजकार्याच्या पद्धतीचा हाच गाभा होय.

अज्ञान मुलांच्या वाट्याची रक्कम बहुधा मुदत ठेवीत गुंतविली जाते व ती मूल अठरा वर्षांचे झाल्यावर त्याच्या हाती येते. २०१८ मध्ये जे मूल दोन वर्षांचे होते, त्याची ठेव २०३४ मध्ये सुटेल. दरम्यान त्याचे शिक्षण, पालकत्व व राहण्याचे ठिकाण यांत कितीही बदल होऊ शकतात. आपत्तीत होरपळलेल्या कुटुंबाची नोंद-पुस्तिका किती काळ चालू ठेवावी, या प्रश्नाचे उत्तर काही अंशी या हिशेबातच आहे.

दरडग्रस्त वाडीचे प्रश्न : तळियेसारख्या ठिकाणी कामाचे स्वरूप बदलते. तेथे मृतांपैकी अनेकांचे देह मिळाले नाहीत आणि शोध थांबविण्याचा निर्णय काही दिवसांनी नातेवाइकांशी बोलून घ्यावा लागला. बेपत्ता व्यक्ती सात वर्षे ऐकिवात नसल्यास ती मृत झाल्याचे गृहीत धरण्याचा नियम भारतीय पुरावा अधिनियम, १८७२ मध्ये होता व तोच २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कायम आहे. आपत्तीत एवढा काळ थांबणे अन्यायाचे ठरते; म्हणून शासन विशेष आदेशाने बेपत्ता व्यक्तींना मृत घोषित करते. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी येथे १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड कोसळल्यानंतरही पन्नासहून अधिक व्यक्तींच्या बाबतीत हीच वेळ आली. प्रशासकीय दृष्ट्या प्रश्न तेथे सुटतो. घरच्यांचा सुटत नाही. देह पाहिलेला नसल्याने मृत्यू मनाने स्वीकारला जात नाही, उत्तरक्रिया कोणत्या तिथीला करावी याचा निर्णय होत नाही, कुंकू पुसण्यास स्त्री नकार देते व त्यावरून भावकीत दुमत होते. दर्भाची प्रतिमा करून अंत्यसंस्कार करण्याची परंपरा अशा वेळी उपयोगी पडल्याचे दिसते. परंपरागत विधी हा मागासलेपणाचा अवशेष न मानता शोक पुरा करण्याचे साधन मानावे, असे आधुनिक समाजकार्यही आता सांगते.

पुनर्वसनाच्या यादीत कोणाचे नाव घालावे, हा दुसरा कठीण प्रश्न. कोकणातील घर पुष्कळदा आजोबांच्या नावावर असते, सातबाऱ्यावर डझनभर सहहिस्सेदार असतात, एका छपराखाली दोन-तीन चुली असतात व तेवढ्याच शिधापत्रिका असतात. मुंबईत राहणारा भाऊ घरात राहत नसला, तरी घर त्याचेही असते. गणपती-शिमग्याला तो तेथेच येतो. एक घर पडले तर घरे किती द्यावयाची? यादी छपरांवरून केली तर वेगळी होते, चुलींवरून केली तर वेगळी आणि सातबाऱ्यावरून केली तर आणखी वेगळी. यांपैकी कोणत्याही यादीवर कोणीतरी नाराज राहणारच. परंतु यादी कशी केली हे वाडीसमोर बसून, सर्वांना कळेल अशा रीतीने ठरले, तर नाराजीचे रूपांतर वैरात होत नाही. समुदाय-संघटन या पद्धतीचा उपयोग येथे होतो. तळिये येथील घरबांधणीचे काम महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरणाकडे सोपविण्यात आले. तोपर्यंत दरडग्रस्तांची तात्पुरती सोय कंटेनरच्या घरांत करण्यात आली होती व पुढील पावसाळे काही कुटुंबांना तेथेच काढावे लागले. सावित्रीवरील नवा पूल मात्र १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. पुलास जागा ठरलेली असते, आराखडा असतो, मुदत असते आणि मुदतीत काम न झाल्यास जाब देणारा अभियंता असतो. कुटुंबाच्या उभारणीसाठी यांपैकी काहीच ठरलेले नसते.

महाराष्ट्रातील इतर अनुभव येथे पडताळून पाहण्यासारखे आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे संपूर्णपणे नव्या जागी वसविण्यात आली. जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या त्या कार्यक्रमात लोकसहभागासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मदत घेतली गेली आणि गावोगावी महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद साहायक’ म्हणून नेमण्यात आले. घराची पाहणी, पैशाचे हप्ते, सिमेंटचा दर्जा यांविषयी लोक व अधिकारी यांच्यातील दुवा या स्त्रिया झाल्या. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली जाऊन १५१ जणांचा मृत्यू झाला. नव्या गावठाणातील घरे २०१७ मध्ये लोकांच्या ताब्यात देण्यात आली. किल्लारीच्या अनुभवाची पद्धतशीर नोंद झाली व तिचा पुढे अभ्यासही झाला. कोकणातील दरडींच्या बाबतीत मात्र प्रत्येक वेळी काम नव्याने शिकावे लागले, असेच म्हणावे लागते. २००५ मध्ये दासगाव व जुई येथे जे प्रश्न उद्भवले, तेच सोळा वर्षांनी तळिये येथे पुन्हा उभे राहिले. पहिल्या वेळचे कार्यकर्ते तोवर अन्यत्र गेले होते.

व्यवसायाची वाटचाल : पाश्चात्त्य देशांत आपत्तीनंतरच्या शोकाचा शास्त्रीय अभ्यास बॉस्टन (अमेरिका) येथील कोकोनट ग्रोव्ह या नृत्यगृहाला २८ नोव्हेंबर १९४२ रोजी लागलेल्या आगीपासून सुरू झाला, असे मानतात. तीत ४९२ माणसे मरण पावली. एरिख लिंडेमान या मानसोपचारतज्ज्ञाने वाचलेल्यांचा व मृतांच्या नातेवाइकांचा अभ्यास करून १९४४ मध्ये तीव्र शोकाची लक्षणे मांडली; त्यातून पुढे ‘संकटकालीन हस्तक्षेप’ ही पद्धती निघाली. महाड-पोलादपूरच्या दृष्टीने त्याहून जवळचे उदाहरण वेल्समधील ॲबरफॅन या खाणकामगारांच्या गावाचे आहे. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीतील टाकाऊ मालाचा डोंगर पावसाने खचून शाळेवर आला. ११६ मुले व २८ प्रौढ मरण पावले. तेथे शोकग्रस्त कुटुंबांसाठी प्रशिक्षित समाजकार्यकर्तीची नेमणूक करण्यात आली. मात्र उरलेले ढिगारे हलविण्याच्या खर्चापोटी लोकांनी दिलेल्या मदतनिधीतून दीड लाख पौंड काढून घेण्यात आले व ती रक्कम १९९७ मध्ये परत करण्यात आली. मदतनिधी कोणाचा व तो कशावर खर्च करावयाचा, हा वाद जगात सगळीकडे सारखाच आहे.

भारतात समाजसेवेच्या संघटित प्रशिक्षणाची गरज प्रथम मुंबईत जाणवली. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. नागपाडा नेबरहुड हाउस या केंद्राचे काम पाहणारे अमेरिकन धर्मोपदेशक क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने १९३६ मध्ये सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले. १९४४ मध्ये त्याचे नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस असे झाले व १९६४ मध्ये त्यास अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. फाळणीनंतर कुरुक्षेत्र येथील निर्वासितांच्या छावणीत या संस्थेच्या अध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी काम केले; भारतातील प्रशिक्षित समाजकार्याचा आपत्तीशी आलेला तो आरंभीचा संबंध होय. मुंबईचे निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालय (१९५५), नागपूर येथील मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था (१९५८) व पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) यांनी हे शिक्षण राज्यात पसरविले. कारखाने अधिनियम, १९४८ प्रमाणे पाचशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे आवश्यक झाले. रुग्णालयांत वैद्यकीय समाजकार्यकर्ते आले. टाटा संस्थेत २००६ मध्ये आपत्ती व्यवस्थापनाचे स्वतंत्र केंद्र स्थापन झाले.

महाडला या इतिहासात एक वेगळे स्थान आहे. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याविषयीचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. सुरेंद्रनाथ टिपणीस यांच्या अध्यक्षतेखाली महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी तळ्याचे पाणी घेतले आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये त्यांचा हक्क मान्य केला. या घटनेस समाजकार्य म्हणणे तिला लहान करणे होईल. तथापि दया म्हणून दिलेले साहाय्य आणि हक्क म्हणून मिळविलेली गोष्ट यांतील भेद महाडमध्ये ज्या स्पष्टतेने प्रकट झाला, त्या स्पष्टतेने तो व्यवसायाच्या ग्रंथांत पुष्कळ उशिरा आला. समाजकार्याच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०१४ मध्ये स्वीकारलेल्या व्याख्येत सामाजिक न्याय व मानवी हक्क ही मूलतत्त्वे म्हणून नमूद आहेत. आपत्तिग्रस्तांच्या छावणीत पाण्याचा टँकर कोठे उभा राहतो, कोणती वाडी रस्त्यापासून दूर म्हणून मदतीत शेवटी येते, कातकरी कुटुंब वीटभट्टीवर गेलेले असताना पंचनामा झाला तर त्याचे काय होते, हे प्रश्न त्याच भेदाशी निगडित आहेत. कागदपत्र नसलेला माणूस आपत्तीत दुसऱ्यांदा बुडतो.

मानसिक आधाराविषयीच्या कल्पनांतही बदल झाला आहे. वाचलेल्या माणसाला घडलेली घटना लगोलग तपशीलवार सांगावयास लावावी, म्हणजे मन हलके होते, अशी पूर्वी समजूत होती. एकाच बैठकीतील अशा कथनाने लाभ होत नाही, असे पुढील संशोधनात आढळून आल्याने जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत वापरू नये, असे सुचविले. त्याऐवजी ‘मानसिक प्रथमोपचार’ या नावाने ओळखली जाणारी साधी रीत रूढ झाली आहे. माणसाला सुरक्षित जागी बसवावे, त्याची तातडीची गरज विचारावी, तो बोलेल तेवढेच ऐकावे, खोटी आश्वासने देऊ नयेत आणि त्याच्या माणसांशी त्याचा संबंध जोडून द्यावा, हे तिचे सूत्र. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २००९ मध्ये मानसिक-सामाजिक साहाय्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. बहुतेक लोक काही महिन्यांत आपापल्या माणसांच्या आधारे सावरतात; थोड्यांनाच तज्ज्ञांच्या उपचारांची गरज लागते. ती थोडी माणसे ओळखणे हे खरे कौशल्य असून ते गावातील आशा कार्यकर्ती व अंगणवाडी सेविका यांना शिकविता येते. पावसाचा आवाज वाढला की घराबाहेर येऊन डोंगराकडे पाहत बसणारी म्हातारी रुग्ण नव्हे. दरडग्रस्त वाडीत ते शहाणपणाचेच वर्तन आहे. बचावकार्य करणाऱ्या स्वयंसेवकांना मात्र हा आधार क्वचितच दिला जातो. दरीतून छिन्नविच्छिन्न देह वर आणणारा तरुण दुसऱ्या दिवशी आपल्या दुकानावर वा हॉटेलात कामाला जातो आणि त्याची विचारपूस करणे ही कोणाचीच जबाबदारी नसते.

प्रचलित प्रश्न : पहिला प्रश्न नेमणुकीचा. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राष्ट्र, राज्य व जिल्हा या पातळ्यांवर प्राधिकरणे झाली. तालुक्यात तहसीलदार, पोलीस, आरोग्य व बांधकाम या यंत्रणा आहेत. जिल्ह्यात बाल संरक्षण कक्ष आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना, राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना, बालसंगोपन योजना या सर्व योजना एकाच शोकग्रस्त घराला लागू पडू शकतात, पण त्या वेगवेगळ्या खिडक्यांवर आहेत. त्या घराचा सर्व बाजूंनी विचार करून सलग पाच-सात वर्षे पाठपुरावा करणे, एवढेच ज्याचे काम असे पद तालुक्याच्या आस्थापनेत नाही. असे पद शासनयंत्रणेत बसू शकत नाही, हे म्हणणे मात्र पटण्यासारखे नाही. टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला व पोलीस कार्यालयात प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या बसविल्या. राज्य शासनाने पुढे तो उपक्रम स्वीकारून इतर जिल्ह्यांत नेला. संकटातील मुलांसाठीची १०९८ ही दूरध्वनी सेवाही १९९६ मध्ये याच संस्थेच्या प्रकल्पातून सुरू झाली व नंतर देशभर पसरली.

दुसरा प्रश्न पैशाचा आहे. पदे नसल्याने हे काम स्वयंसेवी संस्थांकडे जाते आणि त्यांचा निधी प्रकल्पापुरता असतो. कंपनी अधिनियम, २०१३ प्रमाणे मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावयाचे असतात. महाडच्या औद्योगिक क्षेत्रासारख्या ठिकाणी त्याचा लाभ होऊ शकतो. परंतु असा निधी बहुधा दिसण्याजोग्या वस्तूंकडे वळतो. विदेशी अंशदान अधिनियमातील २०२० च्या दुरुस्तीने प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. पाठपुराव्याच्या कामात कार्यकर्त्याचे वेतन व प्रवास हाच मुख्य खर्च असल्याने त्याची मांडणी करणे संस्थांना अवघड जाते. आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला भिजत पडतात आणि घरोघर फिरणाऱ्या माणसाला एसटीचे भाडे मिळत नाही, ही विसंगती नवी नाही.

तिसरा प्रश्न व्यावसायिक मान्यतेचा. वकील वा वैद्य यांच्याप्रमाणे समाजकार्यकर्त्यांची नोंदणी करणारी, आचारसंहिता लावणारी वैधानिक परिषद भारतात नाही. तिच्यासाठी विधेयकाचा मसुदा १९९३ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने तयार झाला. त्यानंतरही प्रयत्न झाले, पण कायदा झाला नाही. इंग्लंडमध्ये २००५ पासून नोंदणी नसलेल्या व्यक्तीस ‘सोशल वर्कर’ हे पदनाम लावता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ आणि संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीचा २०२१ चा अधिनियम यांनी मनोविकार व वैद्यकीय क्षेत्रांतील समाजकार्यकर्त्यांची दखल घेतली. मात्र पहिल्या अधिनियमात मनोविकार समाजकार्यासाठी एम्.फिल्. ही पदवी पात्रता म्हणून धरली आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीच पदवी बंद करण्याचे ठरविले, त्यामुळे नवा पेच निर्माण झाला. या मागणीस व्यवसायातूनच विरोधही आहे. नोंदणीची अट आली तर पदवी नसलेली पण गावाचा विश्वास मिळविलेली कार्यकर्ती बाहेर पडेल, अशी भीती काही जण व्यक्त करतात. आयात केलेल्या पाश्चात्त्य पद्धती येथील भावकी, वाडी व जात यांच्या वास्तवाला पुऱ्या पडत नाहीत, अशी टीका तर जुनीच आहे. दोन्ही आक्षेपांत तथ्य आहे. तरी शोकग्रस्त घरात शिरून त्याचे पैशाचे व नात्यांचे व्यवहार पाहणाऱ्या माणसाने गुप्तता मोडली वा एका बाजूकडून लाभ घेतला, तर तक्रार कोणाकडे करावयाची, याचे उत्तर परिषदेवाचून मिळत नाही.

प्रशिक्षणाच्या बाबतीत कोकणाची अडचण निराळी आहे. समाजकार्याची बहुतेक महाविद्यालये मुंबई, पुणे, नागपूर, खानदेश या भागांत आहेत व त्यांचे क्षेत्रकार्य आठवड्यातील ठरावीक दिवशी चालते. पोलादपूरच्या वाडीवर जाण्यास पावसाळ्यात अर्धा दिवस लागतो आणि आपत्ती येते ती जून-जुलैमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांचे प्रवेश चालू असताना. त्यामुळे विद्यार्थी येतात ते बहुधा दिवाळीनंतर, पाहणीच्या तक्त्यांसह. तोवर त्या घरात अशाच पाहण्या तीन-चार वेळा होऊन गेलेल्या असतात. काही ठिकाणी वाडीतील लोक आता पाहणीसाठी आलेल्यांना प्रथम एकच प्रश्न विचारतात : तुम्ही परत कधी येणार?